कोरी फेरी

कोऱ्या फेरीत काहीही दिसता कामा नये. कोरी फेरी असतेच त्यासाठी. ढगकोठी आतून स्वच्छ आहे, तिच्यात धुळीचा कण नाही, धूर नाही, कोणाच्या स्वेटरचा तंतू नाही, याची खात्री करायची. वीस मिनिटं काचेला डोळा लावून बसायचं आणि शेवटी रजिस्टरात एकच शब्द लिहायचा, ‘कोरी’. मग खऱ्या कामाला हात घालायचा. बाळंतपणाच्या आधीच्या चार वर्षांत तिने अशा हजारभर फेऱ्या बघितल्या होत्या आणि हजारभर वेळा तोच शब्द लिहिला होता. रजेवरून परत आल्याच्या नवव्या दिवशी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, हिरव्या प्रकाशाच्या पट्ट्यात तिला ढग दिसला.

ढग तरी केवढा, लहान मुलाच्या मुठीएवढा. कोठीच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात. आला, विरला. पुन्हा आला, पुन्हा विरला. तिने चष्मा पुसला, मग काच पुसली. ढगाला त्याचं काही नव्हतं. तो आपला येत होता आणि जात होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हवा गार झाली की वाफेचं आपोआप पाणी होतं. तसं होत नाही. वाफ कितीही दाटली तरी तिला टेकायला काहीतरी लागतं. समुद्राच्या मिठाचा कण, चुलीच्या धुराचा, रस्त्यावरच्या मातीचा, काहीही चालतं. पण लागतं. कण मिळाला की त्याच्याभोवती पाणी धरतं, आणि डोळ्यांना न दिसणारे असे दहा लाख थेंब एकमेकांना मिळाले की पावसाचा एक थेंब होतो. आकाशातल्या प्रत्येक पांढऱ्याशुभ्र ढगाच्या पोटात असा चिमूटभर कचरा असतोच. ढगकोठीत नेमकं हेच बघायचं असे. माणूस उभा मावेल एवढी पोलादी टाकी, वरचा पत्रा कोमट आणि ओला, खालचा बर्फासारखा गार. मधल्या हवेत वाफ इतकी ठासलेली की एक कण जरी शिरला तरी क्षणात त्याचा थेंब होऊन तो हिरव्या प्रकाशात चमकावा. कण नसला तर काहीच नाही. हवा स्वच्छ, रिकामी, आणि वाफ आपली वाट बघत उभी.

त्या दिवशी तिने रजिस्टरात ‘कोरी’ असंच लिहिलं. झोप अपुरी होती, डोळे चुरचुरत होते. बाळ दहा महिन्यांचं असलं की आईच्या डोळ्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही, आईसुद्धा नाही.

बाळाला घरात चिमटी म्हणत. दोन महिने आधीच आली होती. तिच्या बापाने तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, ‘अगं, ही तर चिमटीभर आहे.’ तेच नाव पडलं. पहिले पाच आठवडे ती काचेच्या पेटीत होती आणि तिला एक वाईट खोड होती, झोपेत श्वास घ्यायला विसरायची. काही होत नसे, रडणं नाही की धडपड नाही. छाती वरखाली होता होता नुसती थांबायची, चालता चालता कोणी वळणावर उभं राहावं तशी. तिथल्या सिस्टरने शिकवलं होतं, पंधरापर्यंत मोजायचं, श्वास आला नाही तर तळपायाला टिचकी मारायची. पोर दचकते आणि तिला आठवतं. त्या पाच आठवड्यांत तिने एकोणीस टिचक्या मारल्या होत्या. घरी आल्यावरही दोन बोटं चिमटीच्या पोटावर ठेवून ती तासन्‌तास मोजत बसे. सहाव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, धोका टळला, आता मोजणं बंद करा, ती विसरायचं विसरली आहे, तुम्हीही विसरा. डॉक्टरांना बोलायला काय जातं.

ती परत कामावर आली तीही पाळणाघर इमारतीतच होतं म्हणून. पूर्वी तिथे बर्फाचा कारखाना होता. हातभर जाडीच्या भिंती, मोजक्या खिडक्या, उन्हाळ्यातसुद्धा पायाला गार लागणारी फरशी. वरच्या मजल्यावर बर्फ धरायचे, खालच्या मजल्यावर लाद्या भरून गाडीत चढवायचे. आता वर ढगकोठी होती, आणि ती रजेवर असताना खालच्या भरणीच्या दालनाला रंग देऊन, भिंतीवर बदकं काढून इमारतीतल्या सगळ्या कचेऱ्यांसाठी पाळणाघर उघडलं होतं. म्हणजे चिमटी तिच्या पायांखाली, जेमतेम चौदा फुटांवर झोपत असे. पहिल्या आठवड्यात ती दिवसातून सहा-सहा वेळा खाली गेली. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतंच बाई म्हणत, त्यांनी तीन दिवस बघितलं आणि चौथ्या दिवशी सांगितलं, की बये, तू दर तासाला ते दार उघडलंस तर माझ्या कोठीत ढग नाही, मेळा भरेल. जेवणाच्या सुट्टीत एकदा जायचं, बाकी नाही.

तर दुसऱ्या दिवशीही ढग आला. त्याच कोपऱ्यात, दोन वाजून गेल्यावर. आता मात्र तिने बाईंना बोलावलं.

बाई निवृत्तीला आलेल्या, बोलायला फटकळ, पण काचेसमोर बसल्या की देवळात बसल्यासारख्या गप्प. पाच मिनिटं बघून त्या म्हणाल्या, ‘हं.’ मग तिच्याकडे वळून विचारलं, बाळाला पावडर लावतेस का. लावत होती. त्या दिवसापासून पावडर बंद झाली. मग दुधाचा संशय, केसांचा संशय, लोकरीचा संशय. तिला टोपी घालायला लावली, कोट बदलायला लावला, दारातल्या चिकट पायपुसण्यावर दोनदा पाय घासायला लावले. एवढी धुवून निघालेय की आता मीच कोरी फेरी आहे, असं ती म्हणाली तेव्हा बाई हसल्या. पण गाळण्या बदलल्या, कोठी दोनदा पुसली, सेकंदाला एक चित्र घेणारा कॅमेरा लावला, तरी दोन वाजले की ढग हजर.

मग फिटरकाकांना बोलावणं गेलं. काका बर्फाच्या कारखान्यापासूनचे. कारखाना गेला, काका राहिले, अगदी भिंतीसारखे. कोठीची टाकीही तेव्हाचीच, फक्त काच आणि यंत्रं नवी. साबणाच्या पाण्याने त्यांनी हाताला येईल तो प्रत्येक सांधा तपासला, कुठे बुडबुडा नाही. टाकीला थोपटून म्हणाले, हिने मला कधी दगा दिला नाही. बाईंनी तळाच्या व्हॉल्व्हचं विचारलं. खाली वाकून, हात घालून काकांनी चाचपलं आणि सांगितलं, ‘आडवाच आहे.’ बाईंनी मान हलवली. दांडा नळीला आडवा म्हणजे व्हॉल्व्ह बंद, हे शाळेतलं पोरही सांगेल.

तिला कळलं ते पाचव्या दिवशी, आणि तेही तिला नाही, तिच्या ओठांना कळलं. काचेपाशी बसली होती, मन दुसरीकडेच होतं, आणि एकदम तिच्या लक्षात आलं की आपण मोजतोय. तेवीस, चोवीस, पंचवीस. घड्याळाचा काटा साठावर आला तेव्हा अठ्ठावीस झाले होते. झोपलेली चिमटी मिनिटाला अठ्ठावीस श्वास घेते हे या जगात एकाच माणसाला पाठ होतं.

तिने कोणाला सांगितलं नाही. वहीच्या मागच्या पानावर टिपायला लागली. मंगळवारी लस टोचल्यामुळे चिमटीला कणकण होती, त्या दुपारी ढग मिनिटाला छत्तीस वेळा आला. गुरुवारी काचेत काहीच नव्हतं, अगदी लख्ख कोरी फेरी, बाई खूश. संध्याकाळी पाळणाघरातली ताई म्हणाली, आज तुमच्या चिमटीने दुपारी डोळ्याला डोळा लावला नाही, सगळ्यांना जागं केलं.

रात्रीची वाट न बघता तिने घरी पोचल्या पोचल्या नवऱ्याला सांगितलं. तो बाटल्या धूत होता. ‘म्हणजे आपली पोरगी आता ढगपण करायला लागली,’ असं म्हणून त्याने मागे बघितलं आणि तिचा चेहरा बघून नळ बंद केला. मग त्याने हळूच विचारलं, तू अजून मोजतेस? ती हो म्हणाली. त्याने हात पुसले. ‘मोज,’ तो म्हणाला. ‘पण पोटावर बोटं ठेवून मोज. काचेत नको मोजूस.’

त्याचं बरोबरच होतं. पण कोठी वर आणि चिमटी खाली, दोन्हीकडे एकाच वेळी बघायचं कसं? शेवटी तिने ताईला गळ घातली. सोमवारी सव्वादोन वाजता वरून खाली आतल्या फोनवर फोन लावला. चिमटीचा पाळणा डाव्या कोपऱ्यात होता, भिंतीतल्या जाळीला लागून. सगळ्यात शांत कोपरा द्या म्हणून तिनेच मागून घेतलेला. ताई तिथे स्टुलावर बसली, फोन कानाशी धरला, आणि ठरल्याप्रमाणे चिमटीची छाती वर आली की नखाने फोनवर टकटक करायला लागली.

टक. काचेत ढग.

टक. ढग.

टक. ढग. मागे नाही, पुढे नाही. नख वाजलं की कोपऱ्यात पांढरी मूठ उघडायची आणि हिरव्या प्रकाशात विरून जायची. मध्ये एकदा चिमटीने झोपेत मोठा सुस्कारा टाकला असावा, कारण टकटक थांबली, आणि कोठीतही काही आलं नाही. मग एक लांबलचक ढग आला, नेहमीच्या दुप्पट, आणि त्याबरोबर कानात नख वाजलं.

‘अगं, किती वेळ वाजवू?’ ताई कुजबुजली. ‘बाकीची उठतील. आणि मलापण पेंग येतेय इथे बसून.’

मग तिने बाईंना सगळं सांगितलं, वहीचं पान उघडून. बाई हसल्या नाहीत, ही त्यांची मोठी गोष्ट. त्यांनी आकडे वाचले, नखाचा किस्सा पुन्हा एकदा सांगायला लावला. मग शांतपणे, हाताखालच्या मुलीला शिकवावं तसं म्हणाल्या, ‘समज, खालची हवा कुठून तरी वर येतेय. श्वासात कण असतात, त्याचा ढग होईल, मान्य. पण नळीतून हवा यायला मिनिट तरी लागेल, आणि येता येता ती मिसळून जाईल. ढग दिसेल, पण सतत दिसेल, धुक्यासारखा. त्यात ठोका राहायचा नाही. वाफेला घड्याळ नसतं गं.’ मग त्यांनी आणखी एक विचारलं, जे तिला स्वतःला सुचलं नव्हतं. ‘आणि खाली अकरा मुलं झोपतात. मग एकाच मुलाचा श्वास का?’

तिने वही मिटली.

बाईंनी ठरवलं, उद्या कोठी नायट्रोजनने धुऊन काढायची. नायट्रोजन निर्मळ, कोरडा, त्यात कण नाही की काही नाही. वरून सोडायचा, आतला दाब बाहेरच्यापेक्षा वर ठेवायचा. कुठे बारीक भोक असलंच तर आतलं बाहेर जाईल, बाहेरचं काही आत यायचं नाही. अर्धा तास असं ठेवलं की काय असेल ते निघून जाईल. तिलाही ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच. कोठीत काय शिरतं याचा विचार करण्यात या सगळ्यांची आयुष्यं गेली होती. कोठीतून काय बाहेर जातं आणि कुठे जातं, हा प्रश्न तिथे आजवर कोणी विचारला नव्हता.

मंगळवारी दोन वाजता तिनेच नळकांड्याची चावी फिरवली. बाई शेजारी, काका दाराजवळच्या खुर्चीत. यंत्रावरचा काटा सरकला आणि दाब वर चढून स्थिर झाला. प्रवाह बाहेरच्या दिशेने, अगदी पाहिजे तसा. दोन वाजून आठ मिनिटांनी कोपऱ्यात ढग आला.

बाईंच्या कपाळावर आठी पडली. यायला नको होता. वारा उलटा वाहत होता, खालून वर येणाऱ्या कणाला आत शिरायला वावच नव्हता. तरी तो आला, विरला, पुन्हा आला. अठ्ठावीस. सत्तावीस. पंचवीस. मग ढग छोटे व्हायला लागले. बावीस.

‘जातोय,’ बाई म्हणाल्या. ‘बघ, पातळ होतोय. धुतला जातोय.’

अठरा. ढगांच्या मधली रिकामी जागा लांबत होती. बाईंचा चेहरा उजळत होता, तिचा उतरत होता, आणि दोघी एकाच काचेतून एकच गोष्ट बघत होत्या. तिने तोंडावर हात ठेवला. तिला ही चाल ओळखीची होती. काचेच्या पेटीपाशी पाच आठवडे तिने हीच बघितली होती. आधी उथळ, मग विरळ, मग एखादा चुकून आल्यासारखा.

मग काहीच नाही. हिरवा पट्टा, स्वच्छ हवा.

‘झाली कोरी,’ बाई समाधानाने म्हणाल्या आणि रजिस्टर ओढलं.

एक, ती मनात म्हणाली. दोन, तीन, चार. पाचाला तिला वाटलं आपण वेड्या झालोय. सहाला वाटलं, आत्ता फेरी मोडली तर बाई आपल्याला पुन्हा या काचेसमोर बसू देणार नाहीत. सातला नवऱ्याचा आवाज ऐकू आला, काचेत नको मोजूस. आठला तिने चावी बंद केली आणि ती पळत सुटली. कोट, टोपी, कागदी सपाता, सगळ्यासकट. मागे बाई काहीतरी म्हणाल्या. जिना उतरताना ती मोजतच होती, पायऱ्या नाही, सेकंद. चौदा, पंधरा, सोळा.

पाळणाघरात पडदे ओढलेले होते. ताई खुर्चीत मान टाकून झोपली होती. गाद्यांवर मुलं झोपली होती, नेहमीपेक्षा जास्त शांत, एकही कूस बदलत नव्हतं. कोपऱ्यातल्या भिंतीच्या जाळीतून गार हवेची झुळूक पाळण्यावर पडत होती, तिच्या घोट्यांना ती लागली. चिमटीचे डोळे मिटलेले. ओठांभोवती निळसर, जांभूळ खाल्ल्यासारखं. छाती थांबलेली, चालता चालता कोणी वळणावर उभं राहावं तशी.

तिने तिला उचललं, दाराबाहेर व्हरांड्यात आणलं, मोजा ओढून काढला आणि तळपायाला टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली. मग तिसरी, जोरात, स्वतःलाच लागेल अशी.

चिमटीने श्वास घेतला. केवढा मोठा. आणि मग इतकी भोकाड पसरून रडली की ताई धडपडत उठली, वरून काका आणि बाई धावत आले, आणि आईने त्या रडण्याकडे असे कान लावले जसं कोणी गाणं ऐकावं. मुलाला थोपटायचं, गप्प करायचं, हे तिला सुचलंच नाही. रड, ती म्हणत होती. रड गं माझी बाय, आणखी रड.

दारं-खिडक्या सताड उघडल्या, सगळ्यांनी मिळून उरलेली दहाही मुलं बाहेर आणली. ती पेंगुळली होती, एकाला उलटी झाली, पण दहाच्या दहा ठीक होती. डॉक्टर आले, त्यांनी सगळ्यांना तपासलं. कोपऱ्यातल्या पाळण्यातलं मूल आणखी दोन मिनिटं राहिलं असतं तर, असं म्हणून ते पुढे बोलले नाहीत.

कारण सापडायला तासही लागला नाही. कोठीच्या तळाची नळी ही बर्फ वितळून पडणारं पाणी खालच्या मजल्यावर सोडायची जुनी मोरी होती. खालचं तोंड कित्येक वर्षं गिलाव्याखाली बुजलं होतं. पाळणाघराच्या डागडुजीत ते उघडं पडलं, तिथल्या गवंड्याला वाटलं हवेचा झरोका आहे, त्याने त्यावर छान रंगीत जाळी बसवली. आणि वरचा व्हॉल्व्ह आडवाच होता. काका खुर्चीत बसून दोन्ही हातांनी डोकं धरून सांगत होते. कारखान्यात एकदा दांडा मोडला होता, तो पुन्हा बसवताना काटकोनात फिरला, तसाच राहिला. तेव्हापासून या नळीचा दांडा आडवा असला की ती उघडी. कारखान्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. इतकं माहीत होतं की सांगायचं असतं हे कोणाला वाटलं नाही, आणि वरच्या लोकांना आडवा म्हणजे बंद हे इतकं माहीत होतं की विचारायचं असतं हे त्यांना वाटलं नाही. गार नायट्रोजन जड, तो नळीतून सरळ खाली उतरला आणि जमिनीलगत साचला, जिथे मुलं झोपतात.

‘बाई,’ काका म्हणाले, ‘मला विचारायचंत तरी.’

‘विचारलं होतं,’ बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

पाळणाघर रस्त्यापलीकडच्या इमारतीत हलवलं. व्हॉल्व्ह काढून नळीच्या दोन्ही तोंडांना पोलादी चकत्या डागल्या. तिने एक आठवडा रजा घेतली आणि तो सगळा आठवडा चिमटीच्या पोटावर दोन बोटं ठेवून काढला. नवऱ्याने एकदाही काही म्हटलं नाही. दुपारची पाळी त्याने स्वतःहून घेतली, शेजारी बसून तोही मोजायचा, आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत की भांडायचा.

आठवड्याने बाईंनी तिला बोलावलं. दार लावून घेतलं, असं त्या कधी करत नसत. टेबलावर दोन कागद होते. एक प्रवाहाचा आलेख. मंगळवारी दोन ते दोन वाजून अठरा मिनिटं, रेघ एकदाही शून्याखाली आलेली नव्हती. त्या सबंध वेळात नळीतली हवा वरून खालीच जात होती, एक कणसुद्धा वर येणं शक्य नव्हतं. दुसरा कागद कॅमेऱ्याच्या चित्रांचा. सेकंदाला एक. कोपऱ्यातला ढग दोन-दोन सेकंदांनी येताना, मग तीन, मग पाच, मग सात, आणि मग नुसती हिरवी चित्रं, एकापाठोपाठ एक.

‘नळी आहे म्हणून मी खूप प्रयत्न केला,’ बाई म्हणाल्या. ‘पाळणा जाळीजवळ होता म्हणून एकाच मुलाचा श्वास, तेही मान्य करून टाकलं. पण नळीने एवढंच कळतं की वायू खाली कसा गेला. हे वर कसं आलं ते कळत नाही.’ त्या चित्रांवरून बोट फिरवत राहिल्या. ‘आणि त्या वेळी मी तिथे बसून काय म्हणाले? झाली कोरी.’

बाईंनी चष्मा काढला आणि तो पुसायचं निमित्त करून डोळे पुसले. त्या मंगळवारची नोंद कशी करायची, असं त्यांनी विचारलं. तीस वर्षांत त्यांनी असं कोणाला विचारलं नसेल. तिने रजिस्टर घेतलं. तारीख घातली, वेळ घातली, आणि पुढे लिहिलं, ‘ढग दिसला.’ त्याखाली दोघींनी सही केली.

त्या दुपारी ती काचेसमोर बसली. बसायची भीती वाटत होती, न बसायचीही. वीस मिनिटं हिरव्या पट्ट्यात काही आलं नाही. पूर्वी ज्या रिकामेपणाचं कौतुक वाटायचं तो आता बघवत नव्हता. दर पाच मिनिटांनी ती रस्त्यापलीकडे फोन करत होती, आणि बाई ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या. प्रत्येक वेळी ताई म्हणायची, झोपलीय, गाल लाल आहेत, मी मोजलेत, अठ्ठावीस.

संध्याकाळी नवरा घ्यायला आला. उन्हाळा लागला होता, दिवसभर तापलेल्या भिंती अजून ऊब सोडत होत्या, लोक बाह्या दुमडून चालले होते. चिमटी आईच्या खांद्यावर झोपली, तोंड तिच्या मानेकडे. तो आज बसमध्ये काय गंमत झाली ते सांगत होता. सांगता सांगता तो मध्येच थांबला, आणि चालायचाही थांबला.

‘अगं,’ तो म्हणाला, ‘तिच्या तोंडातून वाफ येतेय.’

तिने मान वळवली. चिमटीच्या अर्धवट उघड्या ओठांशी एक छोटी पांढरी मूठ उघडली आणि विरली. पुन्हा उघडली, विरली. त्याने आपल्या तळहातावर फुंकर मारून बघितली, काही दिसलं नाही. तिने मारली, काही दिसलं नाही. शेजारून एक बाई घाम पुसत गेली. रस्त्यावर कुठेही थंडी नव्हती, ढग धरायला कुठे काही गार नव्हतं. हे दोघांनाही कळत होतं, आणि तिला जरा जास्तच.

‘कोणाला सांगायचं?’ त्याने विचारलं.

ती मोजत नव्हती. पहिल्यांदाच तिला आठवलं नाही की मोजायचं असतं. तिने दुसरा हात चिमटीच्या तोंडासमोर आडवा धरला, वाऱ्यापासून दिवा राखावा तसा, आणि घराकडे चालू लागली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिचा तळहात ओला झाला होता.